किडनीचा स्कॅन आहे? अनशापोटी आणू नका, आणि तहानलेलं तर मुळीच नको

घनसावंगी तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. वडील ६१ वर्षांचे, शुगर आहे, मुतखड्याचा जुना त्रास. सोनोग्राफीत डाव्या किडनीला सूज आली आहे आणि क्रिएटिनिन २.१ (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा). मूत्ररोगतज्ज्ञांनी डीटीपीए स्कॅन करून आणायला सांगितलंय. गावात कुणीतरी त्यांना घाबरवलंय की, ‘त्या इंजेक्शनानं उरलीसुरली किडनी पण जाते.’ घरात बायको सहा महिन्यांची गरोदर आणि तीन वर्षांचं पोर. त्याला विचारायचंय की वडिलांना उपाशी आणायचं का, किती वेळ लागतो, दुखतं का, आणि घरी आल्यावर त्यांना वेगळं ठेवावं लागतं का.

मी न्यूक्लिअर मेडिसिनचा, म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन स्कॅन काढणाऱ्या विभागाचा, टेक्नॉलॉजिस्ट. छत्रपती संभाजीनगरात वीसेक वर्षं हेच काम करतोय, म्हणजे इंजेक्शन भरणं, देणं, मशीन चालवणं आणि पेशंटशी बोलणं. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते, पण पेशंटबरोबर तासभर खोलीत असतो तो मी. म्हणून सांगतो.

पहिलं म्हणजे, वडिलांना उपाशी आणू नका. आपल्याकडे तपासणी म्हटलं की अनशापोटीच जायचं, हे डोक्यात पक्कं बसलंय. शुगर अनशापोटी, पोटाची सोनोग्राफी अनशापोटी, मग हेही तसंच असणार. त्यात पहाटेची एसटी. वाटेत लघवीला कुठं उतरणार, म्हणून माणूस आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतो. सकाळी माझ्यासमोर येतो तेव्हा ओठ सुकलेले, जीभ कोरडी, आणि वर कौतुकानं सांगतो, “रातपासून पाण्याचा थेंब घेतला नाही बघा सायेब, तुम्हाला तपासायला बरं.” एप्रिल-मे असेल तर विचारूच नका. किडनीच्या स्कॅनला याहून वाईट तयारी नाही. शरीरात पाणी कमी असलं की किडनी पाणी धरून ठेवते, लघवी कमी आणि सावकाश तयार करते. स्कॅनवर ती सुस्त दिसते आणि नसलेला अडथळा असल्यासारखा वाटतो.

यात माझी स्वतःची एक चूक आहे, ती सांगतो. काही वर्षांपूर्वी गेवराईकडचे एक मामा आले होते, ऊसतोडीचा हंगाम संपवून परतलेले. मी विचारलं, पाणी प्यालात ना? म्हणाले, हो. मी फॉर्मवर टिक केली आणि स्कॅन सुरू केला. डाव्या किडनीचा ग्राफ, म्हणजे औषध किती भरलं आणि किती उतरलं ती रेघ, वर चढला आणि पठारासारखा सपाट राहिला. ही दुखणारी बाजू होती, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही. संध्याकाळी डॉक्टर स्क्रीनपुढे बसले आणि म्हणाले, “अरे, उजवी तर चांगली आहे ना? मग तीही का रेंगाळलीय?” मामांना फोन लावला. पाणी प्याले होते, पण बसस्टँडवर चहाआधी घोटभर. दोन दिवसांनी परत बोलावलं, भरपूर पाणी पाजलं आणि पुन्हा स्कॅन केला. उजवी झकास. डावी थोडी मंद, पण लघवी वाढवणाऱ्या औषधानंतर रिकामी झाली. पहिला रिपोर्ट तसाच गेला असता तर मामा ऑपरेशनच्या तारखेपर्यंत पोचले असते. त्यांचा एक फेरा आणि एक जास्तीचं इंजेक्शन माझ्या त्या टिकमुळे वाया गेलं. तेव्हापासून मी ‘पाणी प्यालात का’ असं विचारत नाही. अर्ध्या लिटरची बाटली हातात देतो आणि संपेपर्यंत समोर बसतो.

तुमच्या वडिलांना सकाळी नेहमीसारखी भाकरी-भाजी खाऊ द्या. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या वेळेला, आणि खाल्ल्याशिवाय नाही. उपाशीपोटी इन्सुलिन घेऊन आलेला पेशंट बाकावरच घामाघूम झालेला मी पाहिलाय. बीपीच्या आणि इतर गोळ्या मनानं बंद करू नका. फक्त त्यांची चिठ्ठी सोबत आणा, कारण काही बीपीच्या गोळ्या आणि लघवीच्या गोळ्या या स्कॅनवर परिणाम करतात. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या खात असतील तर तेही सांगा, किडनीच्या माणसाला त्या तशाही घातकच. एक अपवाद आहे. हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर आम्हाला आधी सांगा, मग आम्ही बेतानं ठरवू.

आता हा स्कॅन नेमकं काय बघतो ते सांगतो. जायकवाडीचा डावा कालवा तुमच्याच भागातून जातो. आवर्तन सुटल्यावर कालव्यात पाणी दिसतं, फोटोही काढता येतो. पण ते टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोचतंय की मध्येच तुंबलंय, हे फोटोवरून कळतं का? सोनोग्राफी म्हणजे तो फोटो. त्यात किडनी फुगलेली दिसते, पण ती आज अडथळा आहे म्हणून फुगलीय की जुन्या खड्यामुळे एकदा ताणली गेली ती तशीच राहिलीय, हे त्यातून सांगता येत नाही. आम्ही वरून पाण्यात थोडा रंग सोडल्यासारखं करतो आणि तो किती वेळात कुठं पोचतो ते पाहतो. एक किडनी किती काम करते, दुसरी किती, आणि तयार झालेली लघवी खाली उतरते का, एवढी तीन उत्तरं सर्जनला हवी असतात.

तो ‘रंग’ म्हणजे टेक्नेशियम नावाचं किरणोत्सारी मूलद्रव्य, डीटीपीए नावाच्या औषधाला जोडलेलं. हे कारखान्यातून बाटलीत भरून येत नाही. आमच्याकडे शिशाच्या कवचातला एक जनरेटर येतो, त्यात मॉलिब्डेनम असतं आणि त्यातून टेक्नेशियम सतत तयार होत राहतं. रोज सकाळी त्यातून सलाइन खेचून आम्ही टेक्नेशियम काढतो. जगभर या जनरेटरला लाडानं गाय म्हणतात. मी पेशंटना सांगतो, आम्ही रोज सकाळी धार काढतो. शेतकऱ्यांना हे चटकन कळतं, आणि पुढचंही कळतं की गाय हळूहळू आटत जाते. मॉलिब्डेनम ६६ तासांत निम्मं होतं, म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला धार भरघोस आणि शेवटाला बेताची. काढलेलं टेक्नेशियम तर ६ तासांत निम्मं. सकाळी ८ ला काढलेलं दुपारी २ ला अर्धं उरतं, ते फ्रीजमध्ये ठेवूनही टिकत नाही. त्यामुळे १० ची वेळ दिली असेल तर ती १० चीच. ‘एसटी उशिरा आली’ हे मला समजतं, त्याला समजत नाही. येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी एक फोन करा, तुमच्या वाट्याची धार दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येते.

कधी कधी वेळ आमच्याकडूनही पुढे जाते, कारण जनरेटरच वेळेवर येत नाही. हे मॉलिब्डेनम जगात मोजक्याच अणुभट्ट्यांमध्ये बनतं. २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी दुरुस्तीसाठी बंद पडली आणि जगभर या स्कॅनची टंचाई झाली. टँकरची वाट बघणं मराठवाड्याला नवीन नाही, हा फक्त वेगळा टँकर.

आता ‘किडनी जाते’ या बोलण्याकडे येतो. हे सीटी स्कॅनच्या इंजेक्शनावरून आलेलं असणार. सीटीला आयोडीन असलेलं कॉन्ट्रास्ट औषध देतात, तेही चांगलं पन्नास-शंभर मिलिलिटर. कमजोर किडनीला त्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डॉक्टर ते देताना विचार करतात. आमचं इंजेक्शन म्हणजे एक मिलिलिटरच्या आसपास, त्यात औषधाचं प्रमाण नगण्य आणि आयोडीन नाही. किडनीवर त्याचा भार पडत नाही. मग लोक असं का बोलतात? हा स्कॅन सांगितला जातो तोच मुळी किडनी अडचणीत असणाऱ्यांना. त्यातल्या काहींचं पुढे डायलिसिस सुरू होतं, आणि माणसं आठवतात ते शेवटचं इंजेक्शन. क्रिएटिनिन २.१ आहे म्हणून आमचे डॉक्टर कदाचित डीटीपीएऐवजी ईसी हे औषध वापरायचं ठरवतील. किडनी मंद असेल तर ते जास्त चांगलं उचललं जातं आणि चित्र स्पष्ट येतं. चिठ्ठीवर एक आणि रिपोर्टवर दुसरं नाव दिसलं तर गोंधळू नका. मात्र गेल्या दोन-तीन दिवसांत कॉन्ट्रास्टचा सीटी झाला असेल तर नक्की सांगा. त्याचा परिणाम आमच्या आकड्यांवर पडू शकतो.

त्या दिवशी काय होईल ते आता क्रमानं. आधी उंची आणि वजन, कारण त्यावरून किडनीच्या कामाचा आकडा काढला जातो. बाटलीभर पाणी, मग अर्धा तास बसायचं, आणि टेबलावर जाण्याआधी लघवी करून यायची. मूत्राशय भरलेलं असेल तर वरून खाली येणारं पाणी अडतं. ६१ वय म्हणजे प्रोस्टेटमुळे लघवी पूर्ण होत नसेल, तर लाजू नका, सांगा. गरज पडली तर थोड्या वेळापुरती नळी घालतो. खिशातली नाणी, किल्ल्या, मोबाइल बाहेर. आणि करदोडा. चांदीचा करदोडा नेमका किडन्यांच्या जवळपास असतो आणि चित्रात आडवी सावली पाडतो. जुनी माणसं तो काढायला तयार नसतात, ‘जन्मात काढला नाही’ म्हणतात. मी जबरदस्ती करत नाही, खाली मांड्यांपर्यंत सरकवतो आणि चिकटपट्टीनं बसवतो. दोघांचंही समाधान.

मग पाठीवर झोपायचं. कॅमेरा टेबलाच्या खाली, पाठीकडे असतो, कारण किडन्या पाठीकडे असतात. एमआरआयसारखी गुहा नाही, ठकठक आवाज नाही. या मशीनमधून किरण निघतच नाहीत, ते वडिलांच्या अंगातून येणारे किरण मोजतं. म्हणून रिकामं मशीन चालू असताना शेजारी उभं राहिलं तरी काही होत नाही. नातेवाईक नेमकं मशीनला घाबरून लांब पळतात आणि पेशंटला मिठी मारतात. मला हसू येतं, पण समजावून सांगतो.

हाताच्या शिरेत सुई लावलेली असते, टोचायचं तेवढं एकदाच. मी सिरिंज आधी कॅमेऱ्यापुढे धरून मोजतो, इंजेक्शन एका दमात देतो, त्याच क्षणी मशीन सुरू करतो, आणि रिकामी सिरिंज पुन्हा मोजतो. हे मोजमाप पेशंटना विचित्र वाटतं, पण अंगात नेमकं किती गेलं हे कळल्याशिवाय किडनीनं किती उचललं याचा हिशोब लागत नाही. औषध शिरेबाहेर सांडलं तर आकडा चुकतो, म्हणून हातावर जळजळ वाटली की लगेच सांगायचं. बाकी गरम वाटणं, मळमळ, काहीच होत नाही. पहिल्या मिनिटाला स्क्रीनवर रक्तवाहिनी उजळते, मग दोन्ही किडन्या हळूहळू भरत जातात, मग खाली मूत्राशय. सुमारे अर्धा तास अंग हलवायचं नाही. श्वास नेहमीसारखा, बोललं तरी चालतं, फक्त कुशीवर वळायचं नाही. या वेळात मी पेशंटशी पाऊसपाण्यावर बोलतो, नाहीतर कापसाच्या भावावर. अर्धा तास पटकन जातो.

याच दरम्यान त्याच सुईतून दुसरं इंजेक्शन दिलं जातं, लॅसिक्सचं, लघवी वाढवायला. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. यानंतर दहा-पंधरा मिनिटांत जोराची लघवी लागते. तेव्हा पेशंट कळवळून म्हणतात, “आता नाही धरवत.” जास्त झालं तर सांगायचं, आम्ही भांडं देतो. पण थोडं धरता आलं तर ग्राफ अखंड मिळतो. शेवटी लघवी करून आल्यावर एक छोटं चित्र काढतो, कधी तासाभरानं आणखी एक. शौचालयात धोतरावर किंवा पायजम्यावर थेंब सांडला तर तो स्क्रीनवर दिव्यासारखा चमकतो आणि आम्ही दहा मिनिटं ‘हे काय’ म्हणून शोधत बसतो. म्हणून एक जादा जोडी आणा. सगळं मिळून दोन-अडीच तास धरा.

किरणांचा डोस किती? या स्कॅनमध्ये साधारण १ मिलिसिव्हर्ट. जमीन, आकाश, अन्न यांतून आपल्या प्रत्येकाला वर्षभरात जगाच्या सरासरीनं २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, आणि पोटाचा सीटी यापेक्षा कितीतरी जास्त देतो. आमच्या छातीवरचा किरण मोजणारा बॅज दर ३ महिन्यांनी तपासणीला जातो, तरी मी इथंच बसलोय. सकाळी ११ ला इंजेक्शन दिलं तर संध्याकाळी ५ ला निम्मं, रात्री ११ ला पाव, दुसऱ्या दिवशी ११ ला सोळावा हिस्सा. शिवाय बरंचसं लघवीतून जातं. वडिलांची किडनी मंद आहे म्हणून जायला थोडा जास्त वेळ लागेल, पण आपोआप कमी होणं कुणासाठी थांबत नाही.

म्हणून घरी त्यांना वेगळं ठेवायचं कारण नाही. ताट-तांब्या वेगळा नको, अंथरूण बाहेरच्या पडवीत नको. हे काही सुतक नाही. एवढंच करा की तो दिवस आणि रात्र नातवाला तासन् तास मांडीवर घेऊन बसू नये, सुनेनं एका हाताच्या अंतरावर बसावं आणि तिनं त्यांच्यासोबत आमच्याकडे येऊ नये. आमच्या बाकावर इंजेक्शन दिलेले बरेच पेशंट एकत्र बसलेले असतात. लघवी दुसऱ्या दिवशीपर्यंत बसून करावी, दोनदा पाणी ओतावं, हात साबणानं धुवावेत. झालं.

जाता जाता एक. बाई पेशंट असली की मी पाळीची तारीख विचारतो, आणि सोबतच्या सासूला गोड बोलून बाहेर बसवतो. सासूसमोर ‘पाळी चुकलीय’ असं कोणती मुलगी सांगेल? दूध पाजणारी आई असेल तर तिनंही स्कॅनच्या आधीच विचारावं, औषधाप्रमाणे काही तास दूध काढून टाकायला सांगितलं जातं किंवा काहीच करावं लागत नाही.

पाण्याचा हा नियम प्रत्येक स्कॅनला लागू होतो असं समजू नका. हाडांच्या स्कॅनला इंजेक्शननंतर तीनेक तास पाणी पीत थांबायचं. पित्ताच्या हिडा स्कॅनला मात्र खरंच उपाशी यायचं. हृदयाच्या स्कॅनला आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद. पेट स्कॅनला सहा तास उपाशी, पण साधं पाणी चालतं. थायरॉईडला गोळ्यांचा हिशोब वेगळाच. मुलांच्या डीएमएसए स्कॅनला इंजेक्शन देऊन दोन-तीन तासांनी बोलावतात, तोवर पोराला खाऊ-पिऊ घाला. शेजाऱ्याची सूचना ऐकून तयारी करू नका, आपल्या चिठ्ठीवरच्या स्कॅनचं नाव फोनवर वाचून दाखवा.

रिपोर्ट हातात आला की एका आकड्यावर सगळ्यांची नजर अडते. समजा लिहिलंय, डावी २८ टक्के, उजवी ७२ टक्के. घरात रडारड सुरू होते की डावी किडनी २८ टक्केच जिवंत आहे. तसं नाही. दोघांनी मिळून जे काम केलं त्यात डावीचा वाटा २८, एवढाच त्याचा अर्थ. दोन भावांत एकरांची वाटणी सांगितली, पण एकूण शेत किती ते सांगितलंच नाही, तसं ते आहे. एकूण शेत म्हणजे जीएफआर, दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला किती मिलिलिटर गाळतात तो आकडा. तो ४० असेल तर डावीच्या वाट्याला मिनिटाला साधारण ११ मिलिलिटर आले. उलट ५०-५० लिहिलेलं असूनही दोन्ही कमजोर असू शकतात. दुसरा आकडा उतरण्याच्या वेळेचा. लॅसिक्सनंतर १० मिनिटांच्या आत निम्मं उतरलं तर वाट मोकळी, २० च्या वर गेलं तर अडथळ्याची शंका, मधलं संदिग्ध. पण किडनी फारच कमजोर असेल तर हा आकडा भरवशाचा राहत नाही, कारण उतरायला मुळात काही तयारच होत नाही. डावीचा वाटा १० टक्क्यांच्या खाली गेला तर काढायची की ठेवायची ही चर्चा सुरू होते. तरीही अडथळा ताजा असेल तर बरेच सर्जन आधी स्टेंट, म्हणजे लघवीची वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, टाकतात, काही आठवडे जाऊ देतात आणि पुन्हा आमच्याकडे पाठवतात. तुंबलेलं सुटल्यावर किडनी सावरलेली मी पाहिलीय. म्हणून आधीच्या सोनोग्राफीचे, क्रिएटिनिनचे आणि जुन्या स्कॅनचे सगळे कागद एका पिशवीत घालून आणा. ऑपरेशन सरकारी आरोग्य योजनेतून व्हायचं असेल तर स्कॅनचं काय, हे आरोग्यमित्रांना आधीच विचारून ठेवा.

परतीचं तेवढं नीट ठरवा. लॅसिक्सचा जोर दोनेक तास राहतो. स्कॅन संपला की लगेच स्टँडवर धावू नका, जवळपास जेवा, आणखी पाणी प्या, दोन-तीनदा जाऊन या. उठताना चक्कर येत असेल तर जरा बसून मगच उठायचं. मग दुपारची गाडी पकडा, आणि वडिलांना दाराजवळची सीट द्या.